दहा हजार अँपिअर गेले कुठे

तीस वर्षं मी चांगले जोड फाडण्याचा पगार घेतला. लग्नकार्यात कोणी "आपण कुठे होता नोकरीला?" असं विचारलं की मी हेच सांगते. समोरचा माणूस हसतो आणि जिलेबीच्या रांगेकडे वळतो. वळू दे. ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाहीये. पण जे रोज चारचाकीत बसून हडपसरहून हिंजवडीला जातात, त्यांनी वाचायला हरकत नाही. ते ज्या सीटवर रेलून मोबाइलवर बोलत असतात, तिच्या आतल्या सांगाड्याचे जोड माझ्यासारख्या कोणीतरी कधीतरी फाडून बघितलेले असतात.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले, तेव्हा शॉपवर, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, बायकांसाठी साधी मोरीसुद्धा नव्हती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "तिथे ठिणग्या उडतात. साडीचं काय करणार?" मी म्हटलं, "आपण धोतर नेसून येत नाही, मी साडी नेसून येणार नाही." नोकरी मिळाली. कशी मिळाली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझं काम स्पॉट वेल्डिंग तपासण्याचं. ही काय भानगड आहे ते आधी सांगते. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, वरून आणि खालून तांब्याच्या दोन कांड्यांनी चिमटीत घट्ट धरायचे आणि त्यातून पाव सेकंद वीज सोडायची. घरच्या इस्त्रीला चार-पाच अँपिअर लागतात, इथे दहा हजार. व्होल्ट मात्र अगदी थोडे, त्यामुळे हात लागला तरी झटका बसत नाही. पत्रे जिथे एकमेकांना टेकतात तिथे विजेला सगळ्यात जास्त अडथळा होतो, तिथलं लोखंड वितळतं, आणि वीज बंद झाली की मसुराच्या दाण्याएवढी गोळी गोठते. ती गोळी म्हणजे जोड. वरून दिसतो तो नुसता खळगा. आत गोळी झाली आहे की पत्रे एकमेकांना नुसते चिकटलेत, हे वरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून फाडायचं. जोडाशेजारी छिन्नी घालायची, हातोडा मारायचा, पत्रे अलग करायचे. जोड खरा असेल तर गोळी एका पत्र्याला बटणासारखी राहते आणि दुसऱ्याला भोक पडतं. खोटा असेल तर दोन्ही पत्रे पापडासारखे सुटतात, ना बटण ना भोक. बटण आलं की व्हर्निअरने त्याचा व्यास मोजायचा. सकाळचा पहिला नग, जेवणानंतरचा एक आणि पाळी संपतानाचा शेवटचा. हे तीन नग आम्ही रोज फाडायचो आणि भंगारात टाकायचो.

गोळी नीट व्हायला तीन गोष्टी नीट लागतात. वीज किती, किती वेळ, आणि चिमटीचा दाब किती. चौथी म्हणजे कांडीचं टोक. ते दिवसभरात चेपून पसरतं, मग तीच वीज जास्त जागेत वाटली जाते आणि गोळी बारीक होते. दाबाची गंमत अशी की तो कमी पडला तर लोखंड उडून जातं, आणि जास्त झाला तर पत्रे इतके घट्ट टेकतात की मधला अडथळाच कमी होतो, मग वीज पूर्ण असूनही लोखंड वितळत नाही. लोकांना वाटतं भरपूर ठिणग्या म्हणजे मजबूत जोड. अहो, ठिणगी म्हणजे जोडातलंच लोखंड बाहेर उडालेलं. जाहिरातीत ठिणग्यांचा पाऊस दाखवतात तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्या कारखान्याच्या तपासनिसाची कीव करते.

सुरुवातीला आमच्याकडे मोजायला काहीही नव्हतं. कंट्रोलवर एक बटण, त्यावर एक ते दहा आकडे. ऑपरेटर कान लावून आवाज ऐकायचे आणि आकडा ठरवायचे. मी लागल्यावर सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं की सकाळी अकराच्या सुमाराला गोळ्या बारीक येतात. शॉपचे मेस्त्री म्हणाले चहाची वेळ असते, लोकांचं लक्ष नसतं. मी मशीनच्या भुजेभोवती अडकवायची कॉइल आणि करंट मीटर हातापाया पडून एका विक्रेत्याकडून आठवड्यासाठी आणलं आणि वही घेऊन मशीनपाशी ठाण मांडलं. अकराला शेजारच्या फाउंड्रीची भट्टी चालू व्हायची, आमचे व्होल्ट पडायचे, करंट पडायचा. चहाचा काही संबंध नव्हता. साहेबांना वही दाखवली तर म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "मीटरने." त्यानंतर मीटर विकत घेतलं गेलं. त्या दिवसापासून मी मोजमापाच्या बाजूची आहे, हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून काही लोकांनी मला संगणकाची शत्रू ठरवलं होतं.

मग उदारीकरण आलं. तोवर आम्ही कूलरच्या पेट्या आणि स्कूटरचे किरकोळ भाग करत होतो. परदेशी नावांच्या गाड्या इथे बनायला लागल्या आणि आमच्याकडे सीटच्या सांगाड्यांचं काम आलं. त्याबरोबर नवे जनरल मॅनेजर आले. त्यांना केतकर म्हणू. माणूस हुशार, कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की आता प्रत्येक ठिपका, म्हणजे एकेक जोड, मोजला जाणार. मला आनंदच झाला.

यंत्रणा बसवायला रश्मी आली. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली पंचविशीची इंजिनिअर, मुंढव्याच्या पुलावरून स्कूटी दामटत यायची. प्रत्येक मशीनला कॉइल, कॉइल कंट्रोलरला जोडलेली, कंट्रोलर संगणकाला. ठिपक्याचा करंट ठरलेल्या हद्दीत आला तर पडद्यावर हिरवा चौकोन, नाही तर लाल. शिवाय करंट कमी पडतोय असं दिसलं की कंट्रोलर स्वतःच विजेचा रेटा वाढवायचा, जास्त होतोय असं दिसलं की कमी करायचा, आणि आकडा बरोबर दहा हजारावर आणून ठेवायचा. शेजारच्या भट्टीची कटकट कायमची मिटली. मी रश्मीला विचारलं, "यात गोळी दिसते का?" ती म्हणाली, "नाही मॅम, करंट दिसतो. गोळीचा आपण अंदाज बांधायचा." प्रामाणिक मुलगी. मला आवडली.

केतकरांना मात्र अंदाज हा शब्द ऐकू आला नाही. महिन्याभरात त्यांनी फर्मान काढलं की रोज तीन चांगले नग फाडणं बंद. "जोगबाई, आपण मोजतोय ना प्रत्येक ठिपका? मग फाडायचं कशाला? पाहुण्यांसमोर हातोडा घेऊन उभं राहणं शोभत नाही." मी भांडले. करंट मोजता, दाब मोजत नाही, टोक बघत नाही, गोळी बघत नाही, असं सगळं बोलले. शेवटी महिन्यातून एकदा फाडायचं यावर तडजोड झाली. ती तडजोड मी केली. नंतर हळूहळू मलाही त्या हिरव्या चौकोनांची सवय झाली. सकाळी आल्यावर मशीनपाशी जाण्याऐवजी मी टेबलावरच पडदा बघायला लागले. बरं वाटायचं, खरंच सांगते.

दिवाळीची सुट्टी संपवून कारखाना सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडीवाल्या कंपनीचा फोन आला. त्यांच्या लाइनवर एका सीटचा कंस, म्हणजे ब्रॅकेट, सांगाड्यापासून सुटला होता. नशीब की गाडी कारखान्याबाहेर पडलेली नव्हती. त्यांनी उरलेली सगळी खेप परत पाठवली. मी त्यातला एक कंस हाताने ओढला तर तिसऱ्या ठिपक्याजवळ पत्रे सुटायला लागले. या कंसावर माणसाचा पट्टा येतो.

केतकरांनी नोंदी काढायला लावल्या. त्या खेपेतला प्रत्येक ठिपका हिरवा. करंट बरोबर, वेळ बरोबर. मग त्यांनी स्वतःच तर्क चालवला, आणि तर्क वाईट नव्हता. वीज पूर्ण असून गोळी झाली नाही, म्हणजे दाब जास्त होता. दाबाची नोंद यंत्रणेत नाही. दाबाची चावी ऑपरेटरच्या हाताशी. ऑपरेटर कोण, तर वानखेडे.

गजानन वानखेडे अकोल्याकडचा. पंधरा वर्षं आमच्याकडे, पर्मनंट. हे पर्मनंट असणं त्या काळात केतकरांना खुपत होतं, कारण शेजारच्या शेडमध्ये तेच काम कंत्राटी माणसं करत होती. आणि वानखेडेच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं एक ताकीदपत्र होतं. उन्हाळ्यात ठिणग्यांनी हात भाजतात म्हणून त्याने दाब वाढवून ठेवला होता आणि सापडला होता. तेव्हा ताकीद मीच दिली होती, आणि योग्यच दिली होती.

केतकरांनी मला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला अहवाल पुढे केला. ऑपरेटरने हेतुपुरस्सर दाब वाढवला, हा दुसरा गुन्हा, सबब खातेनिहाय चौकशी करून कामावरून कमी करावे. खाली क्वालिटी प्रमुख म्हणून माझ्या सहीची जागा.

"मी तपासलेलं नाही अजून," मी म्हटलं.

"नोंदी तपासल्यात की."

"नोंदी तुम्ही तपासल्यात. मी जोड तपासते."

"शनिवारी चौकशी आहे, जोगबाई. ग्राहकाला कारण द्यायचंय. कारण म्हणून माणूस दिला की त्यांना पटतं."

हे शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलले. मी अहवाल तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. हातात चार दिवस होते.

वानखेडे मशीनवर नव्हता, त्याला घरी बसवलं होतं. मी त्याला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, "दाब वाढवला होता का? खरं सांगा, मी मदत करीन. खोटं सांगितलंत तर नाही करणार."

"नाही मॅडम. मी कायले हात लावू? एकदा चूक झाली, तवापासून त्या चावीकडे पाहातबी नाही मी." मग जरा थांबून म्हणाला, "पोरगी बारावीले हाय. हे असं नाव लागलं तर दुसरीकडं कोण घेईन मले?"

माणसाचा चेहरा बघून सही करायची नसते, न करायचीही नसते. मी परत आलेल्या खेपेतले पंचवीस सांगाडे काढले, छिन्नी घेतली आणि दोन दिवस फाडत बसले. केतकर काचेतून बघून गेले. शोभत नव्हतं ते शोभत नव्हतं. एका कंसावर सहा ठिपके. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सहावा, सगळ्यांची बटणं सुरेख. तिसरा मात्र प्रत्येक नगात पापड. सहाही ठिपके एकाच मशीनवर, एकाच दाबाने, एकामागून एक होतात. दाब वाढवला असता तर सहाही बिघडले असते. एक ठिपका बिघडवण्यासाठी दर वेळी चावी फिरवायची आणि परत जागेवर आणायची, एवढा उद्योग कोणी करणार नाही, वानखेडे तर नाहीच.

म्हणजे तिसऱ्या ठिपक्यापाशी काहीतरी वेगळं होतं. मी फिक्स्चरपाशी गेले. फिक्स्चर म्हणजे ज्या बैठकीवर पत्रे बसवून वेल्ड करतात ती. पत्रे हलू नयेत म्हणून त्यांच्या भोकातून एक पिन वर आलेली असते. ती पिन तिसऱ्या ठिपक्याच्या अगदी शेजारी. मी पाच-सहा नग चालवून घेतले आणि पिनला बोट लावलं. बोट झटक्यात मागे घेतलं, इतकी तापली होती. पिनेचं काम पत्रा धरणं. तिच्यातून वीज जायचं काही कारणच नाही. तापलीच का?

टूलरूमचे शितोळे मेस्त्री मांजरीचे. त्यांना बोलावून पिन उपसून काढली. पिन ज्या नळीत बसते त्या नळीला बुश म्हणतात. हे बुश फायबरचं असतं, मुद्दाम, म्हणजे पिन बैठकीपासून विजेच्या दृष्टीने अलग राहते. शितोळ्यांच्या हातात आलेलं बुश चकचकीत लोखंडाचं होतं, एका बाजूने काळंनिळं पडलेलं.

"मेस्त्री, हे काय आहे?"

"बुश हाय."

"लोखंडाचं?"

"फायबरचं दर पंधरा दिसाला फुटायचं बाई. लाइन थांबायची, वरून शिव्या आम्हाला. म्हणलं लोखंडाचं करून टाकू, जल्माची काळजी मिटली. चांगलं कडक करून बसवलंय."

त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि काम खरंच देखणं होतं. माझ्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ उभं राहिलं. वरच्या कांडीतून दहा हजार अँपिअर निघत होते. कॉइल ते मोजत होती आणि पडद्यावर हिरवा चौकोन उमटत होता. त्यातली निम्मीअधिक वीज दोन पत्र्यांच्या मधून जायच्या ऐवजी शेजारच्या पिनेतून, लोखंडी बुशातून, बैठकीतून परस्पर खाली जात होती. मीटर खोटं बोलत नव्हतं. वीज निघाली किती ते त्याला माहीत होतं, गेली कुठे हे आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

"कोणाला विचारून बदललंत?" मी विचारलं. आवाज चढला होता, कबूल करते.

शितोळे आत गेले आणि एक चिठ्ठी घेऊन आले. बदलाची मंजुरी. मोडणाऱ्या बुशांच्या जागी टिकाऊ बुश. खाली सही. "तुमचीच हाय बाई," ते म्हणाले, अगदी हळू.

माझीच होती. परदेशी पाहुण्यांच्या ऑडिटची तयारी चालू असताना कागदांच्या गठ्ठ्यात ती आली असणार. "बुश" एवढंच वाचलं असेल. कुठलं, कशाचं, कुठल्या पिनेचं, काही विचारलं नाही. महिन्याचा फाडायचा नग आदल्याच आठवड्यात झाला होता, त्यामुळे पुढचे तीन आठवडे कोणी छिन्नी लावली नाही. रोज तीन नग फाडत असते तर त्याच दिवशी सापडलं असतं.

रश्मीला फोन केला. तिचं आमच्याकडचं काम संपलेलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी स्कूटी घेऊन हजर. मी विचारलं, "करंट दहा हजारावर ठेवायला कंट्रोलर रेटा कमी-जास्त करतो ना? तो रेटा कुठे लिहिलेला असतो का?" वाट सोपी झाली की तेवढ्याच करंटला रेटा कमी लागणार, हा माझा हिशोब. ती म्हणाली, "असतो मॅम, पण तो कॉलम स्क्रीनवर दाखवू नका असं केतकर सर म्हणाले होते. क्लटर नको म्हणून." तिने फाइल उघडली. तिसऱ्या ठिपक्याचा रेटा एका विशिष्ट दिवशी सकाळी धप्पकन खाली आलेला आणि तेव्हापासून खालीच. तो दिवस शितोळ्यांच्या चिठ्ठीवरचा. इतर पाच ठिपक्यांची रेघ सरळ. रश्मीने कागद छापून दिला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "विचारलं तर मी येऊन सांगेन." तिच्या कंपनीला हे रुचलं नसतं. तरी लिहिलं.

शनिवारी चौकशीला केतकर, पर्सोनेलचे एक गृहस्थ, मी आणि भिंतीपाशी उभा वानखेडे. मी फायबरचं बुश आणि लोखंडी बुश टेबलावर ठेवलं, फाडलेले नग मांडले, रश्मीचा कागद ठेवला, पिन हात भाजेल इतकी का तापत होती ते सांगितलं आणि शेवटी ती मंजुरीची चिठ्ठी ठेवली. "सही माझी आहे," मी म्हटलं. "दाबाचा काही संबंध नाही. ऑपरेटरचा काही संबंध नाही. फायबरचं बुश परत बसवलंय, काल पन्नास नग फाडलेत, सगळे चांगले आहेत."

केतकरांनी सगळं शांतपणे पाहिलं. त्यांना पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण माणूस हुशार, असं मी आधीच म्हटलं आहे. त्यांनी लोखंडी बुश हातात घेऊन फिरवलं आणि वानखेडेकडे वळले.

"ही पिन हात भाजेल इतकी तापत होती म्हणतात. तीन आठवडे तुम्ही दिवसाला शेकडो नग त्या पिनेवर चढवलेत. तुम्हाला कळलं नाही?"

वानखेडेने लोखंडी बुशाकडे पाहिलं.

"कळलं असेल आणि सांगितलं नसेल, तर तो निष्काळजीपणा. ताकीद आधीची आहेच. कळलं होतं का?"

वानखेडेने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच, आणि नजर खाली घातली. "कळलं होतं साहेब. पण सांगतलं नाही कोणाले. चुकलं माझं."

पर्सोनेलच्या गृहस्थांनी लिहायला पेन उचललं. आणि त्या एका नजरेने मला आठवलं. शपथेवर सांगते, तोवर आठवलं नव्हतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. मी टेबलावर ऑडिटचे तक्ते भरत होते आणि वानखेडे हातमोजे काढून समोर उभा होता. "मॅडम, तिसऱ्या ठिपक्यापाशी पिन लई तापते. एकडाव येऊन पाहता का?" आणि मी मान वर न करता पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हिरवं आहे ना सगळं? मग चालू द्या." तो "बरं मॅडम" म्हणून गेला होता. मी, जिने सबंध कारखान्याशी भांडून रोज नग फाडायचा हट्ट धरला होता, तिने त्याला पडद्याकडे बोट दाखवून पाठवलं होतं. आणि तो आता नोकरी जायची वेळ आली तरी ते बोलत नव्हता, कारण मी त्याच्यासाठी चार दिवस झटत होते.

"तो खोटं बोलतोय," मी म्हटलं.

केतकर म्हणाले, "म्हणजे?"

"सांगितलं होतं त्याने. मला सांगितलं होतं. मी उठून बघितलं नाही."

केतकरांनी पर्सोनेलच्या गृहस्थांना पेन थांबवायची खूण केली. मग केतकर आवाज खाली आणून म्हणाले, "जोगबाई, आपली सर्व्हिस मोठी आहे. बुशाची सही ही कागदाची चूक म्हणता येईल. हे मात्र लिहिलं गेलं तर मला कारवाई करावी लागेल. आपण असं करू, आपण हे ऐकलंच नाही. त्याला साधी ताकीद देऊ, नोकरी राहील. सगळ्यांचं भागेल."

"त्याला दुसरी ताकीद मिळाली की तिसरी केव्हा द्यायची ते तुम्ही ठरवणार. भागणार नाही," मी म्हटलं. "कागद इकडे द्या. मी लिहिते."

पर्सोनेलचे गृहस्थ केतकरांकडे बघत राहिले, म्हणून मी तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. पुढे मला जे मिळायचं ते मिळालं. मेमो आला, पगारवाढ थांबली, निवृत्तीपर्यंतची वर्षं मी स्टोअर्समध्ये खिळे मोजत काढली. रोजचे तीन नग फाडणं मात्र सोमवारपासून पुन्हा सुरू झालं, ग्राहकाने तशी अटच घातली, कारण अहवालात कारण काय झालं ते लिहिलेलं होतं. मला कोणी विचारतं, पश्चात्ताप होतो का. होतो. पिन बघायला उठले नाही याचा होतो. लिहिल्याचा नाही.

त्या शनिवारी लिहिलं ते दोन ओळींत लिहिलं. ऑपरेटर श्री. वानखेडे यांनी पिन तापत असल्याचे मला वेळेवर सांगितले होते. मी ऐकले नाही. खाली सही केली आणि कागद वानखेडेपुढे सरकवला, कारण त्याचा जबाब बदलत होता आणि त्यावर त्याचीही सही लागत होती.

त्याने वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग पेन खाली ठेवलं. "मी नाही करत सही, मॅडम. तुमचं वाईट होईन असं मी नाही लिहून देत."

"वानखेडे," मी म्हटलं, "हे खरं आहे की खोटं, तेवढं सांगा."

"खरं हाय."

"मग सही करा. तुमच्या खोटेपणावर मला माझी नोकरी नको."

त्याचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि ते लपवायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. त्याने सही केली. केतकरांनी कागदासाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा, अजून तारीख घालायची आहे," आणि वेळसुद्धा लिहिली.